वाटीखालची रात्र

निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२०ला, दापोलीकडच्या आमच्या घरामागचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. फांद्या यथावकाश चुलीत गेल्या, बुंधा मात्र कुणाला हलला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात मी सुट्टीला गेले, तेव्हा त्याच्या लाकडात नख रुतत होतं आणि एका अंगाला पांढऱ्याशुभ्र पंख्यांची उतरंड लागली होती. देठ असा नाहीच, बूड थेट सालीला चिकटलेलं.

"धिंगरी!" मी ओरडलेच. पुण्यात पाकिटातली धिंगरी इतक्यांदा चिरलीय की ओळख पक्की, असा माझा समज.

सासूबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आई, अळंबी मिळाली. आज रस्सा करू या."

"लाकडावरची ना?" त्यांनी मानही वर केली नाही. "ती कुत्र्याची छत्री गं. आपण वारुळावरचीच खातो."

मला तो नुसता हेका वाटला. पण त्यात तथ्य होतं. वारुळावरची अळंबी वाळवीनं आत पोसलेल्या बुरशीतून वर येते. तिची जागा ठरलेली, दिवस ठरलेले, आणि आईंना दोन्ही पाठ. त्यांची ओळख जागेवरून सुरू होते. माझी पाकिटावरच्या चित्रावरून झाली होती. गंमत म्हणजे लाकडावरच्या बुरशीला इतकं झिडकारणाऱ्या आईंच्या औषधाच्या डब्यात फणसांबा असतोच. जुन्या फणसाच्या खोडावर वाढणारी, खुरासारखी टणक बुरशी. लहान पोराचं तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावायची. ती खाण्यात धरत नाहीत, एवढंच.

एक पंखा काढून उलटा केला. कडेपासून बुडाकडे पांढरट पाती गोळा होत होती, साडीच्या निऱ्या चिमटीत धराव्यात तशी. धिंगरीचीही अशीच असतात. मग आठवलं, रंग पात्यांचा नव्हे, बीजाणूंचा बघायचा. कोवळेपणी पाती फसवतात.

अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद जोडून घेतला. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून काळा. पंखा पाती खाली करून दोन्हींच्या शिवेवर ठेवला आणि वर स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी उपडी घातली. धिंगरी असेल तर सकाळी पांढरा, फार तर फिका जांभळट ठसा उमटायला हवा होता.

तोवर हातात भिंग होतंच, म्हणून बुंध्यापाशी पुन्हा गेले. खालच्या कुजक्या काटक्यांवर मसुराएवढे करडे पेले उगवले होते आणि प्रत्येकात चारपाच चपट्या, काळसर गोळ्या. सायथस. पक्ष्याचं घरटं म्हणतात ते उगाच नाही. ही अंडी उबवायला पाऊस लागतो: टपोरा थेंब नेमका पेल्यात पडला की गोळी उडून तीनेक फुटांवर जाते. थेंब पडताना बघावा म्हणून मी छत्री धरून अर्धा तास उकिडवी बसले, आणि पाऊस नेमका थांबला. वरच्या सुक्या टोकाला शेंदरी, चिवट पंखे होते. ते पिक्नोपोरस, लांबूनही चुकत नाहीत. धिंगरीचा प्रश्न मात्र वाटीखालीच होता.

सकाळी माझ्याआधी आई उठलेल्या. "माझी तपकीर कुणी सांडली गं इथं?"

वाटी बाजूला, पंखा बाजूला, आणि कागदावर निरीनिरीनं उमटलेला तपकिरी ठसा. पांढऱ्या अर्ध्यावर स्वच्छ दिसणारा. म्हणजे ही धिंगरी नव्हेच. देठाविना, पंख्यासारखी, सडक्या लाकडावर, तपकिरी बीजाणूंची: क्रेपिडोटस. त्यातली नेमकी जात कोणती, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय सांगता येणार नाही. वहीत 'क्रेपिडोटस, बहुधा' असं लिहिलं आणि 'बहुधा'खाली रेघ ओढली.

"मग? खायची का?"

"नाही आई."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी वाटी उचलली, न्हाणीघराशी नेऊन राखेनं तीनदा घासली. पण मांडणीवर ती परत आली नाही. हल्ली तिच्यात कोंबड्यांना कणी घालतात.