नार्वेची फेरी

मांडवीच्या फाट्याला इथं दोन्ही काठांवर नार्वेच लागतं. अलीकडचं डिचोली तालुक्यातलं, पलीकडचं दिवाडी बेटावरचं. मधलं पाणी ओलांडायला फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही, त्यामुळे गावातल्या पोरांचा पहिला एकट्याचा प्रवास बहुधा हाच. कुणाचा हात न धरता फेरीत चढून पलीकडे जाऊन आलं, की घरात आपलं वय वाढलेलं असायचं.

आजीच्या लेखी या वाटेचा पहिला प्रवासी सप्तकोटेश्वर. कदंब राजांचं हे दैवत मूळचं दिवाडीचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, लिंग नदीपार आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी आमच्या काठावरच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ‘देवालासुद्धा जागा बदलावी लागली गो, मग आपण कोण?’ असं आजी म्हणायची. मुलगी सासरी निघाली तरी हेच, मुलगा मुंबईला निघाला तरी हेच.

माझी पाळी कॉलेजच्या वेळी आली. नार्वेहून दिवाडी, मिळेल त्या वाहनानं बेट पार, मग दुसऱ्या फेरीनं जुने गोवे आणि तिथून रायबंदरवरून पणजीची बस. मराठी शाळेतून गेलेली मी वर्गात इंग्रजी बोलायला घाबरायचे. हळूहळू तोंड उघडलं, मतं फुटली. संध्याकाळी मात्र त्याच फेरीनं परतून त्याच घरात यायचं, जिथं त्या मतांना विचारतो कोण! तेव्हा राग यायचा. दिवसभर कमावलेलं धक्क्यावरच उतरवून ठेवावं लागतंय, असं वाटायचं. पण जी मतं आजीसमोर उच्चारताही येत नव्हती, ती हळूहळू गळून गेली. जी तिच्याशी भांडूनही टिकली, ती माझी झाली.

जुने गोव्याच्या फेरीतून खनिजानं भरलेल्या बार्ज दिसायच्या, मुरगाव बंदराकडे निघालेल्या. माझ्या वयाच्या कित्येक मुलांचं भविष्य त्या लाल ढिगांवर बसलेलं होतं. मावसभावानं बारावीनंतर शिक्षण सोडलं, कर्ज काढून खनिज वाहायला टिपर घेतला. माझ्याकडे बसभाड्याची चिल्लर असायची तेव्हा त्याच्या खिशात नोटा असत. मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं. दारात टिपर उभा आणि बँकेचे हप्ते चालूच. काही महिने तो कुणाशी धड बोलला नाही. नंतर टिपर विकला आणि शाळेच्या ‘बालरथ’ बसवर चालक म्हणून लागला. पगार थोडा, वर पूर्वीचे सोबती चिडवायचे. खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा घरच्यांनी त्याला परत जायला सुचवलं. तो गेला नाही. २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हा तेच सोबती काम शोधायला त्याच्याकडे आले. त्यानं कुणाला टोमणा मारला नाही. लायसन्सचे कागद कुठं द्यायचे ते सांगितलं.

२०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झालं. मी त्याला विचारलं, ‘मग?’

‘खाण चालू झाली ते बरंच झालं,’ तो म्हणाला, ‘पण आता तिच्यावर विसंबून घर बांधायचं नाही.’

कॉलेजात मी जे शिकले असं मला वाटत होतं, ते तो गावातून न हलता शिकला होता.

तरुणांना बदलाचे सल्ले देताना आपण एकाच मोठ्या उडीची भाषा करतो: घर सोड, शहर गाठ, मागं पाहू नको. आजीचं वाक्यही तसंच, एकदाच पार होण्याचं. देवाला परत जायचं नव्हतं. आम्हाला रोज जायचं होतं आणि रोज यायचं होतं. पलीकडे शिकलेलं अलीकडे वापरून बघायचं, निभावलं नाही तर दुसऱ्या दिवशी नव्यानं निघायचं. मोठं होण्याला वेळ लागतो तो या येरझारांमुळे, आणि ते पक्कं होतं तेही त्यांच्यामुळेच.