पाचूबंदरची कोळीण

वसईला आलेला प्रवासी किल्ला पाहतो, १७३९ची आठवण काढतो आणि परततो. मी मात्र परवा पुढे पाचूबंदरावर गेलो. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. एका कोळणीने गुडघे वाकवून मासळीची पाटी उचलली. पाटी डोक्यावर चढली मात्र, तिची पाठ ताठ झाली, मान सरळ, लांब दिसू लागली. मी थबकलोच! जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या बी. प्रभा (१९३३–२००१) यांच्या चित्रांतल्या कोळणी अशाच सडपातळ, लांब मानेच्या. ‘ही नुसती शैलीची हौस,’ असे मी मित्रमंडळीत ऐटीत सांगत असे! ती मान पाटीच्या भाराने घडते, हे येथे कळले. त्या कोळणी बहुधा स्तब्ध, उदास असतात, एवढाच फरक. ही म्हणाली, “ओ दादा, वाट सोडा!” मी चिखलात उतरलो.