छायाचित्राच्या पाठीवर

आजोबांच्या पेटीत एक जुने छायाचित्र आहे. पेडण्याच्या आमच्या घराच्या ओसरीवर सात माणसे ओळीने उभी आहेत. पाठीवर निळ्या शाईने एवढेच लिहिले आहे: 'पेडणे, १९६४'. त्या सातांपैकी दोघांना आम्ही ओळखतो. उरलेली पाच कोण, हे सांगणारे आता घरात कुणी राहिलेले नाही. काढणाऱ्याने चेहरे जपले, पण नावे हरवली.

या छायाचित्राची आठवण मला झाली ती नववीतल्या एका मुलीमुळे. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळाचे चित्र मी मोठ्या हौसेने इंटरनेटवर चढविले होते. ती म्हणाली, "टीचर, नुसता फोटो घालून काय उपयोग? टॅग नाही, तर तो कुणाला सापडणार?" टॅग म्हणजे चित्राला लावलेली नावाची चिठ्ठी. शिष्येने गुरूला धडा द्यावा, हा योग काही वाईट नव्हे. मी तिच्याजवळ बसले आणि शिकू लागले.

२००४ साली सुरू झालेल्या विकिमीडिया कॉमन्स या भांडारात आपण स्वतः काढलेले चित्र सर्वांसाठी ठेवता येते. ते कोणीही वापरावे, मात्र काढणाराचे नाव द्यावे, अशी परवानगी देता येते. चित्राचे वर्णन मराठीत लिहावे, कोकणीतही लिहावे, आणि मग त्याला योग्य वर्गात बसवावे. वर्ग हा शब्द आम्हा शिक्षकांना मुळीच परका नाही! मोबाइल चित्राचा दिवस नि वेळ आपोआप टिपतो. मुभा दिली तर अक्षांश-रेखांशही टिपतो. पण १६६८ साली शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करविला, हे मात्र माणसानेच लिहावे लागते.

खरी पंचाईत गावाच्या नावाची. मराठीत डिचोली, आमच्या बोलीत दिवचल, आणि इंग्रजी नोंदीत पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेले बिचोलिम! पेडण्याचे पेर्नेम, नार्व्याचे नरोआ. एकच नाव लिहिले, तर दुसऱ्या नावाने शोधणारा दारातून परत जाणार. म्हणून मी सगळीच लिहिली. पाहुणा कुठल्याही वाटेने आला तरी घर सापडले पाहिजे.

या विद्येचा मला थोडा गर्व झाला, आणि तिथेच माझी चूक झाली. अर्वळ्याच्या धबधब्यावर वर्गाची सहल गेली होती. एका मुलीचे हसरे चित्र मी सर्वांना दिसेल असे ठेवले आणि शिकल्याप्रमाणे खाली तिचे नाव, इयत्ता, गाव असे सारे काही लिहिले. दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. आवाज न चढविता ती म्हणाली, "टीचर, फोटो बरो आसा. पूण चलयेचें नांव आनी गांव सगळ्या संवसाराक कित्याक सांगलें?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चित्र मी तत्काळ काढून टाकले. पण मधल्या दोन दिवसांत ते कोणी पाहिले, कोणी उतरवून घेतले, हे मला कधीच कळणार नाही. पेटीतले छायाचित्र पेटीत राहते. हे मात्र हातातून सुटलेल्या बाणासारखे. देवळाला चिठ्ठी लावली तर देवळाचे काही जात नाही. माणसाचे नाव ही मात्र त्याची ठेव. ती विचारल्याशिवाय उचलू नये, आणि मुलांच्या बाबतीत तर घरच्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. मुलांनो, तुम्ही ही कला माझ्याहून लवकर शिकता. हा दुसरा धडाही तितक्याच लवकर शिका.

गेल्या दिवाळीत ते जुने छायाचित्र मी सावंतवाडीच्या आतेला पाठविले, फक्त तिलाच. तिने एक चेहरा ओळखला. त्या गृहस्थांची मुलगी हयात आहे, असे कळल्यावर मी तिला फोन केला आणि विचारले, "तुमच्या वडिलांचे नाव लिहू का?" क्षणभर ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "लिही गो, पूर्ण नाव लिही."

पाठीवर ते नाव मी पेन्सिलीने लिहिले आहे. अजून चार उरली आहेत.