मागचे टोक

स्की पायात घालायच्या असतात, एवढेच ज्ञान गाठीशी बांधून मी गुलमर्गला गेलो होतो. त्या आधी खांद्यावर घ्यायला शिकावे लागते, हे तिथे गेल्यावर कळले. एन.सी.सी.च्या कृपेने बर्फावरच्या शिबिराच्या यादीत माझे नाव लागले, तेव्हा आमच्या पेठेत केवढी हवा झाली होती! साताऱ्याचा पोरगा काश्मीरच्या डोंगरावरून भरधाव घसरत येणार! प्रत्यक्षात पहिले दोन दिवस मी निव्वळ हमाली केली.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंच. इंग्रजांनी १९२७ साली इथे स्की क्लब काढला आणि १९४८ मध्ये आपल्या सैन्याने स्की शिकवणारी शाळा सुरू केली. अफरवटच्या डोंगराकडे नेणारे तारेवरचे पाळणे आले ते मात्र १९९८ साली. आम्हा नवशिक्यांच्या नशिबी ते पाळणे नव्हते. एका उतारावर घसरायचे, तर तेवढाच चढ आधी पायांनी चढायचा आणि पाच-सहा किलोंची ती जोडी स्वतःच वाहायची. पायांत प्लॅस्टिकचे टणक बूट. ते घोटा वाकू देत नाहीत, त्यामुळे माणूस नुकत्याच उभ्या राहिलेल्या बाळासारखा चालतो.

पहिल्या सकाळी आमच्या फौजी उस्तादांनी 'उठाओ' म्हटले आणि बाजूला उभे राहून आमची गंमत पाहिली. एकाने स्की लाकडाच्या मोळीसारख्या दोन्ही हातांवर आडव्या घेतल्या आणि तो दारातच अडकला. दुसऱ्याने एक या काखेत, एक त्या काखेत घेतली. तिसऱ्याने शेपटे बर्फातून फरफटत नेली. मी खांद्यावर घेतल्या खऱ्या, पण दोन्ही फळ्या कात्रीसारख्या फाकल्या आणि एक सटकून माझ्याच पायावर आली.

मग योग्य पद्धत दाखवण्यात आली. दोन्ही स्कीचे गुळगुळीत तळ एकमेकांना भिडवायचे. बुटाच्या कडीजवळ दोन छोट्या दांड्या असतात. स्की पायातून सुटली तर बर्फात रुतून तिला थांबवण्यासाठी असलेले हे ब्रेक एकमेकांत अडकवले की जोडी घट्ट राहते. मग वळलेली टोके पुढे ठेवून जोडी एका खांद्यावर घ्यायची. बुटाची कडी खांद्याच्या किंचित मागे. त्याच बाजूच्या हाताने पुढचा भाग हलकेच खाली दाबायचा, म्हणजे मागचे शेपूट वर राहते. काठ्या दुसऱ्या हातात, आधाराला. गर्दी असेल तर खांद्यावर घ्यायच्याच नाहीत. छातीशी उभ्या धरून चालायचे. आणि कुणी मागून हाक मारली तर आधी थांबायचे, स्की खाली उभ्या टेकवायच्या आणि मगच वळायचे.

शेवटी उस्ताद म्हणाले, "आगे का हिस्सा तुम्हारा है. पीछे का भी तुम्हारा है."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

माझे वडील घरांना रंग देतात. सोळा फुटी कळकाची शिडी खांद्यावर घेऊन अण्णा बोळातून निघाले की लहानपणी मी मागे असे. शिडीच्या शेवटच्या पायरीला लाल फडके बांधलेले. "मागचं टोक तुझं," अण्णा सांगत. "कुणाला लागलं तर मला दिसायचं न्हाई. तू बघायचं." मी त्या टोकाला हात लावून चालायचो आणि वळण आले की मोठ्याने ओरडायचो, "शिडी आली, शिडी!" त्या वयात मला ते काम राजाच्या चोपदारासारखे वाटे.

अकरावीत ते तसे वाटेनासे झाले. एका सकाळी कोपऱ्यावर वर्गातली चार मुले उभी दिसली आणि मी टोक सोडून शेजारच्या बोळात शिरलो. भिंतीआडून पाहिले. वळणापाशी अण्णा थांबले. शिडी खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ मागे पाहत उभे राहिले. मग एकटेच, फार हळू, वळून गेले. त्याबद्दल ते मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. पुन्हा कधी शिडीमागे बोलावलेही नाही.

शिबिराच्या चौथ्या दिवशी मला स्की वाहणे जमले असे वाटू लागले. जमले असे वाटते, तेव्हाच घात होतो. खाली पर्यटकांची, स्लेजवाल्यांची गर्दी होती. स्की उभ्या धरायला हव्या होत्या. मी त्या ऐटीत खांद्यावरच ठेवल्या. मागून मित्राने हाक मारली आणि मी गर्रकन वळलो.

काहीतरी लागल्याचे हाताला जाणवले. पाहतो तर एक वयस्कर स्लेजवाला बर्फात बसला होता आणि त्याच्या भुवईतून रक्त येत होते. त्याचे दोन्ही हात फेरनच्या आत होते. फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरलेली, म्हणून तोंड वाचवायला हात वर गेलेच नव्हते. बोटभर खाली लागले असते तर डोळा गेला असता. मी नुसता उभा. त्याने आधी कांगडी बाहेर काढून पाहिली. "बच गई," तो म्हणाला. उस्तादांनी त्याला दवाखान्यात नेले. तीन टाके पडले. मला ते एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

संध्याकाळी त्याची क्षमा मागून आलो आणि घरी फोन लावला. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. "डोळा शाबूत हाय न्हवं?" एवढे आधी विचारले. मी हो म्हणालो. थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग ते अगदी साधेपणाने म्हणाले, "मागं बघायला कुणी नव्हतं व्हय तुझ्या?"

त्यांना टोचायचे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिबिर संपले. स्की थोड्याफार आल्या, प्रमाणपत्रही मिळाले. पुढे उतारावर दहा वेळा पडलो, त्यातले आता काही आठवत नाही.

दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे अण्णांचा हंगाम. सुटी लागताच घरी गेलो. सकाळी त्यांनी शिडी उचलली, तशी मी न विचारता मागे झालो. लाल फडके विटून गुलाबी झाले होते. कोपऱ्यावर ओळखीची मुले उभी होती. मी टोकाला हात लावला आणि ओरडलो, "शिडी आली, शिडी!"

वळणावर अण्णांनी मागे पाहिले नाही.