आमच्या वाड्यातील मधपेटी

आमच्या गंगापूरच्या वाड्यात देवघरामागील पोकळ भिंतीत सातेरी माशांचे एक मोहोळ पुष्कळ वर्षे नांदत होते. दोन-तीन वर्षांनी एखादा मध काढणारा येई, धूर करी, आणि पोळी कापून फडक्यात पिळून देई. मध मिळे खरा. परंतु त्यासोबत अंडी-अळ्याही पिळून निघत. सासूबाईंनी एकदा ते फडके जवळून पाहिले आणि ‘हा मध देवाच्या पंचामृतात पडावयाचा नाही’ असे निक्षून सांगितले. आमच्या घरी पेटी आली ती या एका वाक्यामुळे.

पेटी कोणती घ्यावी, यावर मात दोन महिने वाद चालला. धाकट्या भावजींच्या मनात नळाची पेटी भरली होती. २०१५ साली ऑस्ट्रेलियातील अँडरसन नावाच्या बापलेकांनी ती जगापुढे आणली. किल्ली फिरविली की आतील प्लॅस्टिकची घरे दुभंगतात व मध नळीवाटे बरणीत उतरतो. झाकण उघडावयास नको की माशांस हुसकावयास नको. आम्ही सर्वजण त्या चित्रफितीवर लुब्ध झालो. मामंजींनी तेवढे विचारले, “ही पेटी कोणत्या माशीच्या अंगाची?” भावजी गप्प झाले. ती युरोपीय माशीच्या मापाची होती.

या प्रश्नात सारे मर्म आहे, हे मला पुढे कळले. लँगस्ट्रॉथ या अमेरिकन पाद्र्यांनी १८५१ साली हेरले की, पोळ्याभोवती सुतारांच्या भाषेत सुमारे तीन सूत वाट मोकळी ठेवली, तर माशा ती येण्याजाण्यास राखतात. वाट अरुंद झाली तर त्या ती डिंकासारख्या रसाने लिंपतात. रुंद झाली तर तीत नवे पोळे बांधतात. सुट्या चौकटी न मोडता उचलता येऊ लागल्या त्या या वाटेच्या बळावर. आमची सातेरी अंगाने लहान, म्हणून तिची वाटही अधिक अरुंद. त्रिचनापल्लीच्या न्यूटन नावाच्या धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या बेताची लहान पेटी केली. खाली पिलांचा कक्ष, वर उथळ चौकटींचा मधाचा कक्ष. सासूबाईंची शंका तेथेच मिटली.

वाड्यातील सुतार आडव्या पट्ट्यांची पेटी सुचवीत होता. ती स्वस्त व करावयास सोपी. पण पोळे पट्टीस लोंबते, चौकटीचा आधार नसतो. आमच्याकडील वैशाखात कोवळे मेण मऊ होऊन ते तुटण्याची भीती. शिवाय मधासाठी पोळे कापावेच लागते, आणि मेण तयार करण्यात माशांचा बराच मध खर्ची पडतो. न्यूटन पेटीत टोप्या सुरीने काढून चौकट यंत्रात फिरविली की मध निथळतो व रिकामे पोळे परत ठेवता येते. म्हणून मी तिच्या बाजूने कौल दिला. (फुलोरी वा आग्या पेटीत राहत नाहीत, हे येथे सांगून टाकते, त्या उघड्यावर राहणाऱ्या.)

करडई व कांद्याच्या बियाण्याची फुले होती तोवर सर्व सुरळीत चालले. फाल्गुनात पहिला मध निघाला तेव्हा मी हर्षाने वरच्या सर्व चौकटी रिकाम्या केल्या. जाऊबाई म्हणाल्या, “दोन तरी ठेवा हो.” मी ऐकले नाही. चैत्रात पाणी आटले, फुले संपली, आणि एका सकाळी पेटीत राणी ना माशी. नुसती मेणकिड्यांनी पोखरलेली पोळी. ती चूक पेटीची नव्हती. पावसाळाभर ती पेटी ओसरीवर पडून राहिली; मी तिच्याकडे पाहण्याचे टाळी.

दिवाळीनंतर अंगणातील कडुलिंबावर थवा बसला. मामंजींनी तो टोपलीत धरून पेटीत सोडला. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, मुंग्यांसाठी. आणि सावलीत खडे घातलेले परळ, माशांना पाणी पिण्यासाठी. ते परळ सासूबाई रोज स्वतः भरतात. या वर्षी वरच्या चौकटींपैकी चार मी उचलल्या नाहीत. मध अर्धी बरणीच झाला. पंचामृतास पुरला, भावजींच्या चहास नाही.