पळायला जागा नाही

भिलईला सर्वांत जवळचं मोठं बंदर विशाखापट्टणमचं, तेही रेल्वेने पाचशे किलोमीटरहून लांब. मुंबई अकराशे किलोमीटर. तरी आमच्या वैशाली नगरात समुद्र येऊन राहिला आहे, कोणाच्या दिवाणखान्यात, कोणाच्या जिन्याखाली. भिलई पोलाद कारखान्याच्या (बीएसपीच्या) क्वार्टरात उमेदीची वर्षं घालवून निवृत्तीनंतर इथे स्वतःचं घर बांधलेल्या मंडळींना आता हौसेला वेळ मिळतो. गप्पी झाले, गोल्डफिश झाले की खाऱ्या पाण्याचे रंगीत मासे खुणावू लागतात. अशा घरांत टँक बसवून देणं, पाणी तपासत राहणं आणि मुख्य म्हणजे मासे निवडून देणं हा माझा व्यवसाय आहे.

काचेची जाडी, पंपाची ताकद, मिठाचं प्रमाण हे सगळं हिशेबाने सांगता येतं. माझा खरा वेळ जातो तो एका प्रश्नात: "ताई, यात कोणकोणते मासे गुण्यागोविंदाने राहतील?" विचारणाऱ्याची यादी तयारच असते. मुलांना ‘फाइंडिंग निमो’तला निमो हवा असतो आणि अर्थात डोरीही. आजोबांना मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आठवत असतं. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात आपल्याकडच्या कित्येकांनी प्रवाळातले मासे पहिल्यांदा पाहिले, त्यामुळे यादीत लायनफिशही येतो. दुकानदार प्रत्येक माशापुढे एकच शिक्का मारतो: "एकदम शांत मछली है."

शांतपणा हा माशाचा कायमचा गुण असता, तर माझं काम फार सोपं झालं असतं. प्रवाळातला जवळजवळ प्रत्येक मासा स्वतःचं बीळ, स्वतःचा दगड, स्वतःची मादी राखतो. समुद्रात भांडण लागतं आणि काही क्षणांत मिटतं, कारण हरलेला निघून जातो. तीन फुटांच्या काचेत हरलेल्याला जायला जागाच नसते. तो कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे उभा राहतो, जिंकणारा पुन्हा त्याला पाहतो आणि पुन्हा अंगावर जातो. मोठ्या टँकमध्ये सज्जन असलेला मासा लहान टँकमध्ये मारका होतो तो असा. म्हणून मी माशाच्या स्वभावाच्या आधी जागा मोजते.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये हिशेबाने 160 लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी पट्टी वजा केली की उरतं साधारण 130 लिटर. लिटरला 35 ग्रॅम या प्रमाणात त्यात साडेचार किलोच्या आसपास समुद्री मीठ जातं. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये इतक्या जागेत पंधरा-वीस लहान मासे आनंदाने फिरतात. तोच हिशेब लोक इकडे लावतात आणि इथेच फसतात. 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात तो 6.7 च्या आसपासच राहतो. पाणी 30 अंशांवर गेलं की 6.2 वर येतो. मे महिन्यात भिलईचा पारा 44-45 ला टेकतो. चिलर बंद पडला किंवा वीज गेली, तर पुढच्या काही तासांत किती मासे तगतील, हे आपण जानेवारीत किती मासे घेतले त्यावर ठरतं. म्हणून मी उन्हाळ्याचा हिशेब करूनच संख्या ठरवते आणि प्रत्येक घरी बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवायला लावते.

संख्या ठरली की प्रत्येक माशाबद्दल मी तीन गोष्टी विचारते. पूर्ण वाढल्यावर तो केवढा होतो? टँकच्या कोणत्या भागात राहतो? आणि काय खातो? चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं आहे हे. एकाला वरचा मजला, एकाला मधला, एकाला तळमजला दिला की रोज तोंडाला तोंड लागत नाही. एकाच बिळावर दोघांचा डोळा असला, तर ते दोघंही कितीही गरीब असोत, भांडणार. दिसायला सारखे, रंगाने सारखे, अंगकाठीने सारखे मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. दोन पिवळे मासे छान दिसतील म्हणून घेणाऱ्याला पिवळ्या पंखांच्या चिंध्या बघाव्या लागतात.

या तीन प्रश्नांवर डोरी पहिल्याच फेरीत बाद होते. ब्लू टँग दुकानात रुपयाएवढी दिसते, वाढते तीस सेंटिमीटरपर्यंत आणि दिवसभर पोहत असते. नव्वद सेंटिमीटरच्या टँकमध्ये तिला वळता वळता दिवस संपतो. लायनफिश कोणाशी भांडत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. तोंडात मावेल तो शेजारी मात्र रात्रीतून गिळतो. सकाळी माशांची संख्या कमी भरते, टँकमध्ये मारामारीची खूणही नसते.

निमोला मात्र मी जागा देते. ऑसेलॅरिस क्लाउन आठ-दहा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, दिलेलं खातो आणि त्याला सी ॲनिमोन लागतोच असंही नाही. जोडी जमवायची रीत त्याच्या जीवशास्त्रातच आहे. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 मध्ये ‘नेचर’मध्ये क्लाउनमाशांच्या लिंगबदलाबद्दल लिहिलं. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी असतो, त्याच्या खालचा नर. मादी मेली की नरच मादी होतो. त्यामुळे नर-मादी ओळखण्याच्या भानगडीत न पडता मी दोन लहान पिल्लं घेते, एक थोडं मोठं, एक थोडं लहान. काही दिवस मोठं लहानाला हुसकावतं. मग लहान पिल्लू त्याच्यासमोर आडवं होतं आणि अंगभर थरथरतं. नवखे ग्राहक घाबरून फोन करतात की मासा आजारी पडला. ती शरणागती असते, आणि ती दिसली की जोडी जमली म्हणून समजावं. तिसरा क्लाउन मात्र कधीही घालू नये, आणि दुसऱ्या जातीचा तर नाहीच. मरून क्लाउन दिसायला देखणा, पण लहान टँकमध्ये तो एकटाच उरतो.

तळमजल्यासाठी माझी पहिली पसंती वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप. श्रिंपला जेमतेम दिसतं. तो वाळूत बीळ खणतो, बुलडोझरसारखी वाळू पुढे ढकलत बाहेर आणतो आणि बाहेर असताना त्याची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. काचेजवळ कोणी हात नेला, की तो शेपटी एकदा फडफडवतो आणि श्रिंप तत्काळ आत. धोका मोठा असला, तर पाठोपाठ गोबीही आत. घर एकाचं, डोळे दुसऱ्याचे. ही जोडी वर पोहणाऱ्या कोणाच्याही वाटेला जात नाही. एका टँकमध्ये गोबी एकच, कारण दुसरा आला की त्याच बिळावर हक्क सांगतो.

मधल्या भागासाठी रॉयल ग्रामा चांगला. कॅरिबियन समुद्रातला हा मासा पुढून जांभळा, मागून पिवळा असतो आणि गुहेच्या छताला पोट लावून उलटा पोहतो. घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं. पॅसिफिकमधला रॉयल डॉटीबॅक अगदी याच दोन रंगांत येतो, स्वस्त मिळतो आणि स्वभावाने कजाग असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. ग्रामामध्ये जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो आणि पाठीच्या पराच्या पुढच्या टोकाला काळा ठिपका असतो. डॉटीबॅकमध्ये दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे असतात. दुकानातल्या निळ्या दिव्याखाली हा फरक बुजतो, म्हणून पांढरा दिवा लावायला सांगावं.

ग्रामा न मिळाल्यास फायरफिश. तो भित्रा, पाण्यातच तरंगत राहणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा आहे. दचकला की उडी मारतो, तेव्हा वर जाळी हवीच. चौथी जागा एका कार्डिनलला द्यावी. पजामा कार्डिनल चालतो, बांगाई कार्डिनलही चालतो. बांगाईचा नर अंडी आणि नंतर पिल्लं तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच्या छोट्या पट्ट्यातला हा मासा टँकच्या व्यापारापायी इतका पकडला गेला, की 2007 मध्ये आययूसीएनने त्याला धोक्यातल्या जातींत टाकलं. तेव्हा घ्यायचा तर हॅचरीत वाढलेलाच.

शांत म्हणून हमखास विकल्या जाणाऱ्या दोन माशांबद्दल सावध करायला हवं. एक ग्रीन क्रोमिस. समुद्रात यांचे थवे असतात, म्हणून लोक सहा-सात घेतात. लहान टँकमध्ये थव्याची उतरंड लागते, सर्वांत खालच्याला बाकीचे टोचतात, तो संपला की त्याच्या वरच्याला, आणि वर्षभरात बहुधा एखादाच शिल्लक राहतो. दुसरा डॅमसेल. स्वस्त आणि चिवट, म्हणून "पहले दो डॅमसेल डाल दो, पानी तैयार हो जाएगा" असा सल्ला दुकानात मिळतो. पाणी तयार होतं, पण टँकचा मालकही तयार होतो. डॉमिनो डॅमसेल विकत घेताना बोटाच्या पेराएवढा काळा, तीन पांढरे ठिपके असलेला गोंडस जीव असतो. तो वाढतो चौदा सेंटिमीटरपर्यंत, ठिपके फिके पडतात आणि सगळा टँक तो आपला मानू लागतो. नंतर त्याला पकडायला सगळे दगड बाहेर काढावे लागतात. पाणी तयार करायला मासा लागतच नाही. अमोनियाचे थेंब किंवा चिमूटभर कुजणारं खाद्य पुरतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरावाच लागतो.

काही मासे खरोखर कोणालाच त्रास देत नाहीत, तरी मी ते देत नाही. मँडरीन हा त्यांतला सर्वांत सुंदर. तो दगडांवरचे सूक्ष्म कोपेपॉड दिवसभर टिपत फिरतो. लहान टँकमधले कोपेपॉड काही आठवड्यांत संपतात आणि हा समोर ठेवलेलं खाद्य बहुधा ओळखतही नाही. क्लीनर रास इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. चार माशांच्या अंगावर त्याचं पोट भरत नाही. सीहॉर्स कोणी मागितला, तर मी सरळ नाही म्हणते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो 2001 मध्ये गेला. त्याच साली प्रवाळही त्या अनुसूचीत गेले, म्हणून समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेला प्रवाळाचा दगडही नको. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड जिवाणूंना तितकेच मानवतात.

मासे ठरले तरी ते एकाच दिवशी सोडायचे नसतात. सर्वांत भित्रा आधी, सर्वांत दांडगा शेवटी. पहिला येणारा जागा निवडतो आणि मग राखतो. म्हणून आधी गोबी, मग फायरफिश किंवा ग्रामा, मग कार्डिनल, आणि क्लाउनची जोडी सर्वांत शेवटी. प्रत्येक दोन खेपांमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवलं, तर वाढलेल्या घाणीला पुरे पडायला जिवाणूंनाही वेळ मिळतो. हा वेळ वाया जात नाही. पुढचा मासा तोपर्यंत वेगळ्या छोट्या टाकीत क्वारंटाइनमध्ये असतो. मुंबई-चेन्नईहून थर्माकोलच्या खोक्यात आलेल्या माशाच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अनेकदा आधीच असतो. त्यावरचं तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये घातलं, तर श्रिंप आणि गोगलगायी मरतात.

नवा मासा सोडण्याआधी जुन्यांना खायला घालावं, दोन-तीन दगड हलवावेत, दिवा बंद करावा. दगड हलले की जुन्यांच्या हद्दीही पुसतात आणि सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. मग दोन दिवस बघत राहावं. एखादी धडक, थोडा पाठलाग चालतो. मात्र मासा पृष्ठभागाशी कोपऱ्यात खिळला, खायला पुढे आला नाही, पंख फाटले, तर वाट बघू नये. भोकांच्या प्लॅस्टिकच्या टोपलीत मारणाऱ्याला आठवडाभर बंद करावं, मार खाणाऱ्याला नाही. मारणारा परत येईपर्यंत त्याची हद्द दुसऱ्याने घेतलेली असते.

खरेदीच्या वेळी आणखी एक आग्रह धरा. क्लाउन हॅचरीतलाच मागा. कोची मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) विळिंजम आणि मंडपम केंद्रांनी क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. टाकीतच जन्मलेला मासा काचेला सरावलेला असतो, दाणे खातो, आणि त्याच्यासाठी समुद्रातला एकही मासा कमी होत नाही. दुकानदाराला तो तुमच्यासमोर खाऊन दाखवायला सांगा. न खाणारा मासा कितीही शांत असला, तरी घेऊ नका.

वैशाली नगरातल्या तीन फुटांच्या टँकसाठी माझी यादी इतकीच आहे: क्लाउनची जोडी, एक ग्रामा किंवा फायरफिश, एक कार्डिनल, आणि श्रिंपसह एक गोबी. पाच मासे. सहावा कितीही आवडला, तरी त्याला दुकानातच राहू द्या.