तिसरा द्विबंध

अरबी समुद्राच्या तळगाळातून एमिलियानिया हक्सलेयी या अतिसूक्ष्म शैवालाची अल्किनोने वेगळी काढून, त्यांवरून गतकालीन जलपृष्ठाचे तापमान ठरविण्याच्या व्यवसायात माझे केस पिकले. आता दृष्टी मंदावल्यामुळे आलेखावर आधाररेषा ओढण्याचे काम, जे आजवर मी कोणाच्याही हाती दिले नव्हते, ते विद्यार्थिनीकडे सोपवावे लागले आहे.

प्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मुकरर केलेल्या समीकरणाप्रमाणे, दोन व तीन द्विबंधांच्या (त्रिबंधी) अल्किनोन रेणूंच्या बेरजेत दोन द्विबंधांच्या रेणूंचा वाटा सांगणारा निर्देशांक अंशामागे ०.०३४ने सरकतो, म्हणजे २७ अंशांना त्रिबंधी रेणू शेकडा चार उरतात, २८ला जेमतेम एक, आणि त्यापुढे मापनाचा मार्गच खुंटतो. आमचा समुद्र पावसाळ्यापूर्वी याही पलीकडे तापतो. त्यात नमुना अल्प असला म्हणजे वर्णलेखन यंत्राचा कॉलम त्रिबंधी रेणूच अधिक शोषून धरतो, आणि त्यांचे जे शिखर मुळातच आधाररेषेच्या थरथरीहून फारसे उंच नव्हते, ते आणखी खचते. या एका उंचवट्यापायी मी आयुष्य वेचले.

अल्किनोने पेशीच्या पटलात नसून तिच्यातील मेदकणांत साठवलेली असतात. तेव्हा थंडीत पटल घट्ट होऊ नये म्हणून इतर शैवाले मेदाम्लांत द्विबंध वाढवितात, तो हिशेब येथे सरळ लागू पडत नाही. तरीही ती तापमानाशी इतके इमान राखतात, याचे मला आजही नवल वाटते.

पण हे इमान २८ अंशांपुढे वाचता येत नाही; म्हणूनच, त्या मर्यादेचा तपशील न देता उष्णकटिबंधीय गाळाचे तापमान दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत छापणाऱ्यांविषयी मला आदर नाही. आर्किआ या सूक्ष्मजीवांच्या मेदांवर आधारलेला, २००२ साली पुढे आलेला निर्देशांक उष्ण पाण्यात चालतो हे खरे. परंतु ते जीव किती खोलवर वाढले, याची साक्ष कोणी द्यावयाची? शैवाल निदान प्रकाशामुळे वरच्या थराशी बांधलेले असते.

"सर, शिखर दिसते म्हणून तुम्ही रेषा ओढता, की रेषा ओढल्यावर ते दिसू लागते?" असे त्या विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा उत्तर न देता मी तोच नमुना पुन्हा यंत्रात सोडावयास सांगितला. आता थरथरीच्या तिपटीहून ठेंगणे शिखर ती मोजतच नाही, आणि हा दंडक मी बिनतक्रार मान्य केला आहे. मात्र आपल्या हातची रेषा अचूक असते हा अभिमान मी इतकी वर्षे जोपासला आहे की, तिने रिकाम्या सोडलेल्या रकान्यांत मला अजूनही आकडे भरावेसे वाटतात, आणि ते केवळ माझे म्हणून खरे वाटतात.